स्वस्त लेझर पॉइंटरची घरच्या घरी पारख – पॉवर मीटर नसताना कितपत जमेल?

अर्धवाहक

हातात धरायचे तीन स्वस्त लेझर पॉइंटर तपासायचे आहेत. एक लाल (लेबलावर ६५० नॅनोमीटर), एक हिरवा (५३२), एक जांभळा (४०५). तिन्हींची नळी सारखी, तिन्ही दोन ट्रिपल-ए सेलवर चालतात आणि तिन्हींवर एकच पिवळं लेबल आहे: ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’. फक्त तरंगलांबीचा आकडा तेवढा बदललेला. त्यामुळे लेबलाला किती किंमत द्यायची हे उघड आहे.

जवळ असलेलं सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर, मिलिमीटरला ५०० रेषा असलेली डिफ्रॅक्शन ग्रेटिंगची स्लाइड (प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात वळवणारी), मेजरिंग टेप, मोडीत काढलेला वेबकॅम, सोल्डरिंगचं सामान. लेझर पॉवर मीटर नाही आणि एवढ्यासाठी घ्यायचाही नाही.

हवंय ते असं:
१. खरी पॉवर किती, निदान सुरक्षेचा वर्ग ठरवण्यापुरती.
२. हिरव्यातून इन्फ्रारेड गळतं म्हणतात ते कसं पकडायचं?
३. बीम आणि स्थिरता यांची तुलना कशी करायची म्हणजे ‘हा बरा वाटतो’च्या पुढे जाता येईल?
४. चाचण्यांचा क्रम काय ठेवावा?

---

नॅनोमीटर

क्रम: सेलमधून जाणारा करंट, मग तरंगलांबी, मग इन्फ्रारेड, मग पॉवर, शेवटी बीम. पहिल्या दोन चाचण्यांना जवळचं सामान पुरतं आणि निम्मा निकाल तिथेच लागतो.

त्याआधी मांडणी. धोक्यानुसार पाडलेल्या लेझर-वर्गांचे आकडे लक्षात असू द्या. दृश्य प्रकाशासाठी १ मिलिवॅटपर्यंत वर्ग २, ५ पर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी, त्यापुढे ४. मोजून होईपर्यंत तिन्ही पेन ३बी आहेत असंच धरून चाला. पेन हातात धरून चाचणी करू नका, टेबलावर पक्का बसवा. बीम आडवा आणि तुमच्या बसल्या डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली हवा. समोर खरखरीत, बिनचकाकीचा पडदा आणि त्यामागे काच, फ्रेम, कपाटाची मूठ असलं काही नको. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. खोलीत दिवा चालू ठेवा. अंधारात बाहुली मोठी होते आणि चुकून आलेला बीम जास्त आत जातो. बटण दाबून धरायला कपड्याचा चिमटा चांगला.

करंट. मागचं झाकण काढा. सेलचं उघडं टोक आणि नळीचा धातू यांच्यामध्ये मीटर लावा. आट्यांवर रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग असेल तर तिथून करंट जात नाही, नळीची उघडी कड शोधा. काही पेनांत धन टोक झाकणाकडे असतं, काहींत ऋण. मीटरचं चिन्ह उलटं आलं तर घाबरू नका. महत्त्वाचं म्हणजे मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवा. मिलिअँपिअरच्या रेंजमधला आतला रोध ओहमभर जरी असला तरी ३०० मिलिअँपिअरला ०.३ व्होल्ट खातो. दोन सेलच्या पेनाला तेवढं कमी पडलं की हिरवा मंदावतो आणि तुम्ही चुकीचा आकडा लिहून घेता.

आकडे कसे वाचायचे? खऱ्या ५ मिलिवॅटच्या लाल पेनाला साधारण २५ ते ४० मिलिअँपिअर लागतात. लाल पेन दीडशे-दोनशे ओढत असेल तर आत डीव्हीडी रायटरच्या जातीचा डायोड आहे, ५ मिलिवॅटचा विषय संपला. हिरव्या ५३२च्या बाबतीत २०० ते ३५० मिलिअँपिअर नेहमीचेच आहेत, त्यावरून पॉवर कळत नाही, कारण यातला बहुतेक करंट पंप डायोडचा (क्रिस्टलला प्रकाश पुरवणाऱ्या आतल्या इन्फ्रारेड डायोडचा) असतो. जांभळ्याच्या डायोडला साडेचार-पाच व्होल्ट लागतात. दोन सेलवर चालतो म्हणजे आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट आहे, म्हणून त्याचा सेलकडचा करंट लालशी थेट ताडून पाहू नका.

तरंगलांबी. ग्रेटिंग बीमला काटकोनात, तिच्यापासून पडदा बरोबर १००० मिलिमीटरवर. मधला ठिपका आणि दोन्ही बाजूंचे पहिले ठिपके दिसतील. डावा ते उजवा अंतर मोजून निम्मं करा, म्हणजे ग्रेटिंग थोडी तिरकी असली तरी चूक बरीचशी कटते. सूत्र: तरंगलांबी = दोन रेषांतलं अंतर × साइन(कोन). तुमच्या ग्रेटिंगला रेषांतर २००० नॅनोमीटर. तयार उत्तरं, मध्यापासून मिलिमीटरमध्ये:

४०५ – २०७
५२० – २६९
५३२ – २७६
६३५ – ३३५
६५० – ३४४
८०८ – ४४२
१०६४ – ६२८

पडद्याचं अंतर ५ मिलिमीटरने चुकलं तर उत्तर अर्ध्या टक्क्याने चुकतं, म्हणजे ५३२चे ५२९ किंवा ५३५ होतात. ५२० आणि ५३२ वेगळे ओळखायला एवढी अचूकता पुरते.

हा फरक ओळखणं इथे सगळ्यात मोलाचं आहे. ५१५-५२०च्या आसपास आला तर तो थेट हिरवा डायोड. आत क्रिस्टल नाही, इन्फ्रारेड नाही, दुसरा प्रश्नच मिटला. ५३२ आला तर पुढे वाचा. एक सोयीची गोष्ट: ५३२ हा आकडा क्रिस्टलमुळे ठरतो, तो तापमानाने जवळजवळ हलत नाही. म्हणून ग्रेटिंगची खरी रेषासंख्या पडताळायला हिरवाच वापरा. लाल डायोड गरम झाला की अंशाला साधारण ०.२ नॅनोमीटर सरकतो, आणि ६५० लिहिलेला ६५८ निघणंही नवलाचं नाही.

---

ध्रुवक

वरच्या क्रमाशी सहमत. दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण हिरव्या पेनात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

५३२च्या पेनात तीन प्रकाश असतात. ८०८ नॅनोमीटरचा पंप डायोड निओडिमियम घातलेल्या व्हॅनाडेट क्रिस्टलला चेतवतो, त्यातून १०६४ निघतो, आणि केटीपी क्रिस्टल त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ देतो. स्वस्त पेनात हे दोन क्रिस्टल एकमेकांना चिकटवलेला एक-दोन मिलिमीटरचा तुकडा असतो. न वापरला गेलेला ८०८ आणि निसटलेला १०६४ अडवायला पुढे इन्फ्रारेड फिल्टरची काच असायला हवी. खर्च वाचवायचा म्हटलं की सगळ्यात आधी हीच काच जाते, कारण ती नसली तरी गिऱ्हाइकाला दिसत काहीच नाही.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने २०१० साली अशाच एका स्वस्त हिरव्या पेनाचा अहवाल प्रसिद्ध केला. हिरवा प्रकाश मंद, पण इन्फ्रारेड जवळपास २० मिलिवॅट! पुढे २०१३ मध्ये त्यांनी १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा-नियमांत बसत नव्हते. म्हणून ‘हिरवा मंद आहे, म्हणजे निरुपद्रवी’ हा निष्कर्ष उलटा पडू शकतो. क्रिस्टलची जुळणी बिघडली की हिरवा कमी होतो, पंप तेवढाच राहतो. आणि अदृश्य प्रकाशाला पापणी मिटत नाही.

आता चाचणी. वेबकॅम उघडा, भिंगाच्या मागे किंवा सेन्सरवर एक इवलीशी काच असते. तिरकं धरल्यावर लालसर किंवा निळसर झाक मारते, तोच इन्फ्रारेड फिल्टर. कडेने पातळ पात्याने सोडवून घ्या. फेकू नका, पुढे पॉवर मोजताना लागणार आहे. भिंग परत बसवल्यावर फोकस थोडा बदलतो, आट्या फिरवून जुळवा. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबा. त्याचा एलईडी ठळक चमकला तर कॅमेरा तयार. वेबकॅम उघडायचा नसेल तर फोनचा पुढचा कॅमेरा याच रिमोटने तपासा, पुष्कळदा त्याचा फिल्टर मागच्या कॅमेऱ्यापेक्षा कच्चा असतो.

मग ग्रेटिंगची तीच मांडणी ठेवून पडद्याकडे कॅमेरा रोखा. बीमकडे कधीच नाही, सेन्सर जळतो. हिरव्याचा पहिला ठिपका २७६ वर असेल. त्याच्या पलीकडे ४४२ मिलिमीटरच्या आसपास, डोळ्याला काही नाही पण कॅमेऱ्यात पांढरट-जांभळट ठिपका दिसला, तर ८०८ गळतोय. हा ठिपका बहुधा हिरव्यापेक्षा पसरट दिसतो, कारण पंपाचा प्रकाश भिंगातून नीट समांतर होत नाही.

आणि आता सापळा. ६२८ मिलिमीटरवर कॅमेऱ्यात ठिपका दिसला की पुष्कळ जण ‘१०६४ सापडला’ म्हणून मोकळे होतात. पण तिथे हिरव्याचा दुसरा क्रम (मध्यापासूनचा दुसरा ठिपका) पडतो. १०६४ म्हणजे ५३२ची बरोबर दुप्पट, त्यामुळे एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा क्रम तंतोतंत एकाच जागी येतात. ठिपका डोळ्यालाही हिरवा दिसत असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो वेगळा करायचा तर कॅमेऱ्यापुढे हिरवा अडवून इन्फ्रारेड सोडणारं काहीतरी हवं. जुन्या रंगीत फिल्मचा प्रकाश लागून धुतलेला काळा तुकडा दोन पदरी चालतो. त्यातूनही ६२८ वर ठिपका उरला तर १०६४ आहे. नाही उरला तर मात्र ‘नाही’ म्हणू नका. सिलिकॉनचा सेन्सर १०६४ला फार आंधळा आहे.

चाचणी दोनदा करा, पेन थंड असताना आणि अर्धा मिनिट चालल्यावर. पंप डायोड अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकतो आणि व्हॅनाडेटचा शोषणपट्टा अरुंद आहे. थंडीत पंप पट्ट्याबाहेर गेला की हिरवा मरगळतो आणि न शोषलेला ८०८ तसाच पुढे येतो.

सीडी वापरून हीच चाचणी करता येते (तिच्या रेषांतलं अंतर १.६ मायक्रोमीटर), पण सीडी चकचकीत असल्यामुळे मुख्य बीम अख्खा उलटा येतो. स्लाइड असताना त्या वाटेला जाऊ नका.

---

सोल्डरगन

पॉवर मोजायला फोटोडायोड (पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात करंट देणारा डायोड) पुरतो. सामान: पारदर्शक आवरणाचा बीपीडब्ल्यू३४, ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर, मल्टिमीटर. डायोड उलटा जोडायचा, म्हणजे कॅथोड बॅटरीच्या धन टोकाला, अ‍ॅनोड रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक ऋणाला. मीटर रेझिस्टरवर, व्होल्टच्या रेंजमध्ये. १ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. अंधारात आकडा शून्याला चिकटला पाहिजे, नाही चिकटला तर डायोड सुलटा लागलाय.

करंटवरून मिलिवॅट काढायला डायोडची संवेदनशीलता लागते. सिलिकॉनची वरची हद्द सोपी आहे: तरंगलांबी (नॅनोमीटर) भागिले १२४०, उत्तर अँपिअर प्रति वॅट. ५३२ला ०.४३, ६५०ला ०.५२. खरा डायोड याच्या खाली राहतो. बीपीडब्ल्यू३४साठी हिशेबाला ५३२ला ०.३, ६५०ला ०.४५, ८०८ला ०.६ धरा. उत्तर वीस-पंचवीस टक्के इकडे-तिकडे होईल. ४.६ की ५.३ हे यातून ठरणार नाही. ५ की ३० हे मात्र बिनचूक ठरेल, आणि प्रश्न बहुधा तोच असतो.

काय चुकतं ते सांगतो.

एक, खरेदीत. नावाशेवटी ‘एफ’ असलेला काळ्या आवरणाचा प्रकार येतो. तो दृश्य प्रकाश अडवतो, साधारण ८०० ते ११०० एवढंच पाहतो. हिरव्याला शून्य दाखवेल. चुकून आला तर ठेवून द्या, ‘इन्फ्रारेड आहे का’ एवढं विचारायला तो चांगला. फक्त ८०८ त्याच्या अगदी काठावर पडतो, म्हणून त्याच्या आकड्यावरून मिलिवॅट काढू नका.

दोन, जांभळा. साध्या बीपीडब्ल्यू३४ची संवेदनशीलता ४०० नॅनोमीटरपाशी कमाल संवेदनशीलतेच्या दहाव्या हिश्श्यावर येते आणि तिथे वक्र तीव्र उताराचा आहे. आकडा भलताच कमी येतो आणि पेन निरुपद्रवी वाटतो. ४०५साठी नावाशेवटी ‘बी’ असलेला, निळ्यासाठी सुधारलेला प्रकार घ्या. त्याची संवेदनशीलता ४००ला ०.२ आहे.

तीन, ठिपका. संवेदनशील चौकोन जेमतेम २.६५ मिलिमीटरचा आहे. बीम पूर्ण त्यात बसला पाहिजे. पेन जवळ आणा, किंचित हलवत सगळ्यात मोठा आकडा शोधा. आणि डायोड थोडा तिरका ठेवा, म्हणजे त्याच्या चकचकीत पृष्ठावरून येणारा बीम पेनात परत न जाता काळ्या कागदावर पडेल. परत गेला तर लेझर डायोडची पॉवर नाचते.

चार, सगळ्यात मोठी: हिरव्या पेनात हा डायोड इन्फ्रारेडही मोजतो, आणि तेही दुप्पट उत्साहाने. महागडा थर्मल पॉवर मीटरही तेच करतो, त्याला रंगाशी देणंघेणं नाही. म्हणून ध्रुवक म्हणतात ती वेबकॅमची काच मध्ये घालून आणि काढून, दोन्ही आकडे घ्या.

---

धूसर_काच

डोळ्याने तुलना करणाऱ्यांसाठी थोडंसं. सारख्या पॉवरला ५३२ हा ६५०पेक्षा सुमारे आठ पट उजळ दिसतो. लालमधेही ६३५ हा ६५०च्या दुप्पट उजळ. ४०५ला डोळा ५३२च्या मानाने हजार पटीहूनही अधिक मंद. त्यामुळे ‘हिरवा डोळे दिपवतो, जांभळा बिचारा फिका’ या निरीक्षणातून पॉवरबद्दल शून्य माहिती मिळते.

जांभळ्याची पुढची गंमत अशी की पांढऱ्या कागदावर तो चक्क निळा आणि बऱ्यापैकी ठळक दिसतो. ती कागदातल्या उजळवणाऱ्या रसायनाची प्रतिदीप्ती. तुम्ही लेझर पाहतच नसता. टाइलची मागची कच्ची बाजू किंवा प्लास्टर वापरा, खरा फिका ठिपका दिसेल. ठिपक्याचा व्यास मोजतानाही हे पाळा, कागदावर तो फुगतो.

फुगा फोडणं, काडी पेटवणं, काळ्या टेपला भोक पाडणं या ‘चाचण्या’ कशाला करतात हे कोडं आहे. ५ मिलिवॅटचा पेन यातलं काही करत नाही. करणारा पेन लेबलाच्या कितीतरी पुढे आहे आणि ते मीटरवर कुणाचा डोळा पणाला न लावता कळतं.

चष्म्याबद्दल: ‘लेझर गॉगल’ म्हणून मिळणारं रंगीत प्लास्टिक, ज्यावर तरंगलांबीचा पट्टा आणि ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा) छापलेली नाही, ते घेऊ नका. हिरव्यासाठी घेताना ८०८ आणि १०६४ दोन्ही त्या पट्ट्यात आहेत का पाहा. फक्त ५३२ अडवणारा केशरी चष्मा ८०८ला दार उघडंच ठेवतो. वर तो घातला की ठिपका दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो.

---

नॅनोमीटर

तिसरा प्रश्न राहिला होता.

बीमचा फैलाव: पडदा १ मीटरवर आणि ११ मीटरवर ठेवून दोन्हीकडे ठिपक्याचा व्यास घ्या. फरक मिलिमीटरमध्ये भागिले १० मीटर, उत्तर थेट मिलिरेडियनमध्ये (फैलावाच्या कोनाचं एकक). १ ते १.५ आला तर या जातीच्या पेनासाठी ठीक. लाल आणि जांभळ्याचा ठिपका लंबगोल असतो, म्हणून लांबी-रुंदी वेगळी मोजा. दोन अंतरांत ठिपका आधी बारीक होऊन मग पसरत असेल तर भिंगाचा फोकस जवळचा आहे. आतल्या आट्यांचं भिंग पाव फेरा फिरवून जुळवता येतं, पण प्लास्टिकच्या भिंगावर बोट लावू नका. ठिपक्याभोवती पंखासारखे फराटे म्हणजे बहुतेक वेळा मळलेलं किंवा ओरखडलेलं भिंग. हिरव्यात मात्र ठिपका दोन तुकड्यांत किंवा कड्यासारखा दिसला तर दोष भिंगाचा नाही, क्रिस्टलमध्येच प्रकाशाचा आकार बिघडलाय. त्याला घरी औषध नाही.

स्थिरता: सोल्डरगनचा फोटोडायोड लावून दर ५ सेकंदांनी आकडा लिहा, मिनिटभर. लालची रेघ जवळपास सपाट हवी. हिरवा आधी चढतो, मग उतरतो, मधेच पायरीसारखी उडी मारतो. पंप तापत जातो आणि शोषणाशी त्याचं जुळणं-बिघडणं चालू राहतं. त्यामुळे हिरव्याचा एकच आकडा लिहू नका, कमाल आणि किमान लिहा. वर्ग ठरवायला कमाल धरायची. एक मिनिट झालं की दोन-तीन मिनिटं विश्रांती द्या, या नळ्यांत उष्णता बाहेर काढायला काही नसतं.

सेल प्रत्येक चाचणीला सारखे ठेवा. स्वस्त लाल पेनात ड्रायव्हर (डायोडचा करंट आवरणारं सर्किट) म्हणजे नुसता एक रेझिस्टर निघू शकतो. तसं असेल तर नव्या अल्कलाइनवर ३.२ व्होल्टला एक आकडा आणि दमलेल्यावर २.६ला निराळाच. रिचार्जेबल निकेल सेल दोन मिळून २.४ देतात, त्यावर हिरवा पेन विनाकारण नापास होतो. उलट, न चार्ज होणारे लिथियम ट्रिपल-ए नवे असताना दोन मिळून साडेतीन व्होल्टच्या घरात जातात. रेझिस्टरवाल्या लाल पेनाचा डायोड त्यात जाऊ शकतो. बटणसेलच्या चावीसाखळी पेनांत तर सेलचा आतला रोधच करंट आवरून धरतो, तिथे बाहेरून दमदार बॅटरी जोडली की डायोड क्षणात जातो. जळलेला लेझर डायोड साध्या एलईडीसारखा मिणमिणत राहतो, ठिपका जुळत नाही. ती खूण.

---

अर्धवाहक

सर्वांचे आभार. आकडे आले:

लाल: २९ मिलिअँपिअर, ठिपका ३४५ मिमीवर, फोटोडायोडवर १.७ व्होल्ट.

हिरवा: ३१० मिलिअँपिअर, ठिपका २७६ वर, कॅमेऱ्यात ४४२ जवळ पसरट ठिपका स्पष्ट. फोटोडायोडवर ९.१ व्होल्ट. इथे घोळ आहे. पेन हलवला, जवळ-लांब केला, तरी आकडा ९.१ वरून हलत नाही. ९.१ मिलिअँपिअर भागिले ०.३, म्हणजे ३० मिलिवॅट धरू का?

जांभळ्यासाठी ‘बी’ डायोड मिळायचाय.

---

सोल्डरगन

नाही. ९.१ हे तुमच्या बॅटरीचं व्होल्टेज आहे. १ किलोओहममधून ९ व्होल्टची बॅटरी ९ मिलिअँपिअरच्या पुढे देऊच शकत नाही, त्यामुळे आकडा छताला टेकलाय. यावरून एवढंच कळतं की खरा करंट ९च्या वर आहे. लालचा १.७ ठीक आहे: १.७ भागिले ०.४५, सुमारे ३.८ मिलिवॅट. तो ३आर, लेबल खरं निघालं.

हिरव्यासाठी रेझिस्टर १०० ओहमचा करता येईल, पण एवढ्या छोट्या डायोडवर एवढा प्रकाश टाकला की करंट सरळ रेषेत वाढेल याची खात्री राहत नाही. त्यापेक्षा प्रकाशच कमी करा. जाड साध्या काचेचा तुकडा घ्या, चार-पाच मिलिमीटरचा, आणि मागची बाजू काळ्या ऑइल पेंटने दोन हात रंगवा. कोरडं होऊ द्या. पुढच्या पृष्ठावरून जवळजवळ सरळ पडणारा प्रकाश ४ टक्के परत येतो, उरलेला आत जाऊन काळ्या रंगात मरतो. मागची बाजू न रंगवता वापरली तर दोन्ही पृष्ठांचे बीम एकमेकांत मिसळून आकडा वरखाली होतो, म्हणून रंग हवाच. कोन १० अंशांच्या आत ठेवा. जास्त तिरकं केलं की परावर्तन बीमच्या ध्रुवीकरणावर अवलंबून राहायला लागतं. ४ टक्के हा आकडा ५३२, ८०८, १०६४ तिन्हींना जवळपास तोच आहे, त्यामुळे इन्फ्रारेडचं प्रमाण बिघडत नाही. परत येणारा बीमही बीमच आहे, त्याची वाट काळ्या पुठ्ठ्याने झाका.

---

अर्धवाहक

केलं. काळ्या काचेवरून, १ किलोओहम: नुसता ०.५२ व्होल्ट, वेबकॅमची काच मध्ये घालून ०.३१. मिनिटभरातले हे कमाल आकडे आहेत.

---

सोल्डरगन

छान आकडे आहेत. आधी त्या काचेतून हिरवा किती जातो ते पाहायला हवं. ते तुमच्या पेनावर कळणार नाही, त्यात इन्फ्रारेड मिसळलंय. ५२०चा थेट डायोडवाला पेन उसना मिळाला तर त्यावर काच घालून-काढून गुणोत्तर काढा. लाल पेनावर ही तपासणी करू नका, ६५० अशा काचेच्या अगदी काठावर पडतो. तूर्त ०.९२ धरून हिशेब:

हिरव्याचा करंट ०.३१ ÷ ०.९२ = ०.३३७ मिलिअँपिअर. ÷ ०.३ = १.१२ मिलिवॅट. ÷ ०.०४ = २८ मिलिवॅट.

उरलेला करंट ०.५२ – ०.३३७ = ०.१८३. सगळा ८०८चा धरला तर ÷ ०.६ ÷ ०.०४ = साडेसात मिलिवॅटच्या थोडं वर. यातला काही भाग १०६४ असेल तर खरा आकडा याहून मोठा, कारण त्याला हा डायोड नीट पाहत नाही. म्हणजे साडेसात ही खालची मर्यादा समजा.

उलट तपासणी: २८ × ०.३ अधिक ७.६ × ०.६ म्हणजे जवळपास १३ मिलिअँपिअर. १ किलोओहमवर १३ व्होल्ट व्हायला हवेत, बॅटरी ९ची. म्हणून टेकला होता.

पंचवीस टक्के चूक धरली तरी २१ ते ३५. कुठल्याही बाजूने ३बी.

---

ध्रुवक

इन्फ्रारेड अडवायला वेबकॅमचीच काच पेनाच्या तोंडाशी बसवता येते. सगळ्यात पुढच्या भिंगाच्याही बाहेर बसवा, आत नको. आत बीम बारीक असतो आणि क्रिस्टल जवळ असतात. ही काच इन्फ्रारेड शोषत नाही, परत फेकते. सरळ बसवली तर परतलेला प्रकाश पंपाकडे जातो आणि हिरवा नाचायला लागतो. पाच-सात अंश तिरकी ठेवा, कडेला दोन थेंब इपॉक्सी. सुपरग्लू वापरू नका, त्याची वाफ भिंगावर पांढरा थर धरते. बसवल्यावर ४४२चा ठिपका पुन्हा पाहा. काचेच्या कडेने फट राहिली तर पसरट ८०८ तिथूनच निसटतो, कारण तो हिरव्यापेक्षा रुंद आहे. फट काळ्या रंगाने बुजवा.

हे करूनही २८ मिलिवॅट हिरवा राहतोच, सव्वीसच्या आसपास होईल. पॉइंटर म्हणून कुणाच्या हातात द्यायचा नाही, आकाशात रोखायचा नाही. जुनं लेबल खरवडून त्यावर ‘५३२, ३० मिलिवॅट, वर्ग ३बी’ असं लिहा आणि वापर झाला की सेल काढून ठेवा. ग्रेटिंगच्या प्रयोगांना तो टेबलावर बसवून उत्तम चालेल. पुढे काळी काच लावली की परावर्तित बीम १ मिलिवॅटच्या किंचित वर राहतो, बहुतेक प्रयोगांना तेवढा पुरतो.

---

अर्धवाहक

काच तिरकी बसवून पाहतो. जांभळ्याचे आकडे ‘बी’ डायोड आला की इथेच टाकतो. त्याच्यासाठीही काळ्या काचेचे ४ टक्केच धरायचे ना?

---

सोल्डरगन

हो, ४ ते सव्वाचार. पण आधी थेट मोजा, १ किलोओहमवर. आकडा २ व्होल्टच्या आत असेल तर काच लागतच नाही. २ व्होल्ट म्हणजे ०.२ने भागून १० मिलिवॅट, तोवर डायोड सरळ रेषेत चालतो. त्याच्या वर गेला की काळी काच.